नकाशा पास आहे, पण कशाचा?



बचत खाते, आवर्ती ठेव आणि मुदत ठेव यांची माहिती आपण या पुस्तिकेच्या आधीच्या पानांवर वाचली असेल. ज्या एका खरेदीत आयुष्यभराची बचत एकाच दिवशी हातातून जाते, ती या लेखात पाहू. ही खरेदी म्हणजे छोट्या इमारतीतली सदनिका, जिथे सहा-आठ घरे असतात आणि शेजारच्या इमारतीबरोबर एकच सामाईक रस्ता असतो.

माझी बदली वाराणसीला झाली तेव्हा काशीत मराठी बोलायला मिळेल असे वाटले नव्हते. पण दुर्गाघाट, ब्रह्माघाट, पंचगंगा या भागात पिढ्यान्‌पिढ्या राहणारी मराठी घराणी आमच्या शाखेत येतात. काहींचे जुने वाडे वाटण्या होऊन विकले गेले आहेत. हातात रक्कम आली की गल्लीबाहेर, जिथे दारापर्यंत गाडी येते अशा ठिकाणी, लहानसे घर घ्यावे असे त्यांच्या मनात येते. निवृत्तीनंतर काशीत राहायला यावे म्हणून महाराष्ट्रातूनही काही जण चौकशी करतात. हा लेख या दोघांसाठी आहे. नियम उत्तर प्रदेशातले असले तरी विचारायचे प्रश्न पुणे, नागपूर किंवा बेळगावलाही तेच आहेत.

एका काकांची गोष्ट

त्यांच्या परवानगीने, नाव न देता सांगते. काका टपाल खात्यातून निवृत्त झालेले. वडिलोपार्जित घराच्या वाटणीतून आणि स्वतःच्या ठेवींतून त्यांच्याकडे २० लाख रुपये जमले होते. तीन मजली इमारत, प्रत्येक मजल्यावर दोन सदनिका. एका सदनिकेची किंमत ३४ लाख. उरलेल्या १४ लाखांसाठी ते आमच्याकडे आले. पुण्यात नोकरी करणारा मुलगा सहकर्जदार होणार होता.

"ताई, कागद अगदी चोख आहेत. नकाशा पास आहे, मी डोळ्यांनी पाहिलाय," काका म्हणाले.

"कशाचा पास आहे, काका?"

"म्हणजे? घराचा!"

काकांचे म्हणणे शब्दशः खरे निघाले. नकाशा खरोखर घराचाच होता, मालकाच्या एका कुटुंबाच्या घराचा. त्या कागदावर सहा सदनिका नव्हत्या. पुढे 'प्रवेशमार्ग ४ मीटर' असे लिहिले होते. आमच्या मूल्यांकनकाराने जागेवर मोजणी केली, तेव्हा त्या ४ मीटरपैकी २ मीटरच या भूखंडातले निघाले. बाकीचे २ मीटर शेजारच्या भूखंडातले, म्हणजे मालकाच्या चुलतभावाचे. दोघांत काही लिखापढी नव्हती. "घरचंच आहे, कोण अडवणार?" एवढाच आधार होता.

कर्ज नामंजूर झाले. काकांनी १ लाख रुपये बयाणा दिला होता. तो त्यांनी धनादेशाने दिला होता, आणि पावतीवर 'बँकेचे कर्ज मंजूर न झाल्यास रक्कम परत' ही ओळ मुलाच्या आग्रहामुळे लिहून घेतली होती. म्हणून पैसे परत मिळाले, पण तीन हप्त्यांत आणि पाच महिन्यांनी. ती ओळ नसती, किंवा रक्कम रोख दिलेली असती, तर पुढे काय झाले असते ते सांगायला नको.

म्हणून बयाणा देण्याआधी तीन प्रश्न विचारायचे. मंजुरी कशासाठी आहे? किती बांधकामाची आहे? आणि त्या घरात जायचे कुठून?

पहिला प्रश्न: मंजुरी कशासाठी?

आधी मंजुरी देते कोण हे पाहू. पुण्यात किंवा नाशिकला आपण महानगरपालिकेकडे जातो. वाराणसीत नगर निगम गृहकर घेते, म्हणजे आपली घरपट्टी. पण विकास क्षेत्रातल्या बांधकामाचा नकाशा मंजूर करते ते वाराणसी विकास प्राधिकरण. लोक त्याला नुसते 'प्राधिकरण' किंवा 'वीडीए' म्हणतात. १९७३ च्या उत्तर प्रदेश नगर योजना आणि विकास अधिनियमाखाली ते १९७४ साली स्थापन झाले. या कायद्याच्या कलम १४ प्रमाणे विकास क्षेत्रात परवानगीशिवाय बांधकाम करता येत नाही. आवास विकास परिषदेच्या वसाहतीत घर असेल, तर मंजुरी त्या परिषदेची लागते.

यातून दोन गैरसमज दूर होतात. 'गृहकराची पावती आहे, म्हणजे घर कायदेशीर' हा पहिला. कर आकारला म्हणून बांधकाम नियमित होत नाही. दुसरा गैरसमज शहराच्या कडेला भेटतो, 'जिला पंचायत से नक्शा पास है'. जमीन प्राधिकरणाच्या विकास क्षेत्रात असेल तर मंजुरी प्राधिकरणाचीच पाहायची. गाव जुने असले तरी ते आता कुणाच्या हद्दीत आहे, हे आधी विचारा.

आता भू-उपयोग, म्हणजे जमिनीचा ठरवलेला वापर. शहराच्या आराखड्याला इथे 'महायोजना' म्हणतात. वाराणसी महायोजना २०३१ मध्ये कोणती जमीन निवासी, कोणती व्यापारी आणि कोणती हरित पट्ट्यातली, हे रंगांनी दाखवलेले असते. तुमचा भूखंड निवासी रंगात नसेल, तर त्यावर निवासी इमारतीचा नकाशा सरळ मार्गाने मंजूर होणार नाही. वापर बदलून घ्यायची पद्धत कायद्यात आहे, पण ती लांबची वाट आहे. ती पूर्ण होईल या भरवशावर आपले पैसे अडकवू नयेत.

शहराबाहेरच्या जमिनींबाबत विक्रेते सांगतात, '१४३ हो गया है'. जमीनदारी निर्मूलन कायद्याच्या कलम १४३ खाली शेतजमीन बिगरशेती घोषित होत असे. आता हे काम उत्तर प्रदेश महसूल संहिता २००६ च्या कलम ८० खाली होते. आपल्याकडे 'एनए झालंय' म्हणतात, तसाच हा प्रकार आहे. ही महसुली नोंद आहे. महायोजनेतला रंग आणि नकाशाची मंजुरी या तिच्यापेक्षा वेगळ्या गोष्टी आहेत. तिन्ही जुळल्या पाहिजेत.

काशीत आणखी दोन मर्यादा लक्षात ठेवा. गंगेच्या काठापासून २०० मीटरच्या आत नव्या बांधकामाला मनाई आहे. जुन्या घराच्या दुरुस्तीसाठीही परवानगी घ्यावी लागते. घाटाजवळ 'नवी सदनिका' कुणी दाखवली, तर भाव विचारण्याआधी अंतर विचारा. दुसरी मर्यादा संरक्षित स्मारकांची. सारनाथ किंवा मानमंदिर घाटावरचा मानमहाल अशा केंद्र-संरक्षित स्मारकांपासून १०० मीटर प्रतिबंधित क्षेत्र असते आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र. नियंत्रित क्षेत्रातल्या बांधकामाला वेगळे ना-हरकत प्रमाणपत्र लागते.

दुसरा प्रश्न: किती बांधकामाची मंजुरी?

मंजूर नकाशा म्हणजे निळ्या रेघांचा न समजणारा कागद, असे वाटून बहुतेक जण शिक्का पाहतात आणि घडी घालून ठेवतात. शिक्क्याच्या जोडीने पाच गोष्टी वाचा. भूखंडाचा क्रमांक आणि क्षेत्रफळ, वापराचा प्रकार, मजल्यांची संख्या, सदनिकांची संख्या आणि मंजुरीची तारीख. मग इमारतीपाशी उभे राहून मोजा. कागदावर एक घर आणि समोर सहा दारे असतील, तर ती मंजुरी या सदनिकांची नाही.

असा फरक निघाला की विक्रेत्याचे ठरलेले उत्तर येते, 'शमन करवा देंगे'. शमन म्हणजे शुल्क भरून बांधकामातला फरक नियमित करून घेणे. कायद्याच्या कलम ३२ मध्ये त्याची तरतूद आहे, पण ते सगळ्यावरचे औषध नव्हे. नियमांत बसणारे किरकोळ फरकच त्यात जातात. महायोजनेतल्या वापराविरुद्धचे बांधकाम किंवा दुसऱ्याच्या जागेवरचे बांधकाम शुल्काने शुद्ध होत नाही. आणि त्याच कायद्यात कलम २७ खाली बांधकाम पाडण्याचा, कलम २८ खाली काम थांबवण्याचा आणि २८-क खाली मोहोरबंद करण्याचाही अधिकार प्राधिकरणाला आहे. म्हणून शमन झाले असेल तर शमनाचा मंजूर नकाशा आणि शुल्काची पावती पाहा. 'होणार आहे' याला बँकेत किंमत नाही. तुमच्या लेखीही नसावी.

२०२५ मध्ये उत्तर प्रदेशाने नवे बांधकाम उपविधी आणले. त्यात १०० चौरस मीटरपर्यंतच्या निवासी भूखंडांना नकाशा मंजुरीऐवजी नोंदणीची सोय दिली आहे. 'आता परवानगी लागतच नाही' असे कुणी सांगितले तर भूखंडाचे क्षेत्रफळ विचारा. सवलत छोट्या भूखंडाची आहे. सहा सदनिकांची इमारत बहुधा त्याहून मोठ्या जागेवर असते. आणि नोंदणी म्हटली तरी तिचाही कागद असतोच, तो मागा.

इमारत पूर्ण झाल्यावर प्राधिकरण पूर्णता प्रमाणपत्र देते. महाराष्ट्रात आपण भोगवटा प्रमाणपत्राचा आग्रह धरतो, तसाच इथे याचा धरायचा. मंजूर नकाशा सांगतो काय बांधायला परवानगी होती. पूर्णता प्रमाणपत्र सांगते की बांधलेले त्याप्रमाणे आहे. चार किंवा अधिक सदनिकांच्या इमारतींना उत्तर प्रदेश अपार्टमेंट अधिनियम २०१० लागू होतो. हे प्रमाणपत्र मिळाल्यावरच सदनिका हस्तांतरित करावी, असे तो कायदा सांगतो.

सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर २०२४ रोजी, मेरठच्या शास्त्रीनगरमधील एका प्रकरणात, या बाबतीत देशभरासाठी निर्देश दिले. बांधकाम चालू असताना मंजूर नकाशाची प्रत जागेवर लावलेली असली पाहिजे. पूर्णता किंवा भोगवटा प्रमाणपत्राशिवाय ताबा देऊ नये, वीज-पाण्याची जोडणी देऊ नये. बँकांनीही इमारत तारण घेऊन कर्ज देताना हे प्रमाणपत्र तपासावे. रिझर्व्ह बँकेच्या सूचनांनुसार गृहकर्जासाठी मंजूर नकाशा पाहणे आम्हाला त्याआधीपासूनच बंधनकारक आहे. म्हणून बँकेतली ताई किंवा साहेब कागद पुन्हापुन्हा मागतात, तेव्हा चिडू नका. बँक जे तारण घ्यायला कचरते, ते तुम्ही स्वतःच्या बचतीने का घ्यावे?

काही विक्रेते इथेच एक पळवाट सुचवतात. 'बँकेच्या फंदात पडू नका, रोख घ्या, भाव कमी करतो.' हा कमी झालेला भाव म्हणजे न मिळालेल्या कागदाची किंमत असते. उद्या तुम्ही विकायला निघालात, की तुमच्या गिऱ्हाइकालाही कर्ज मिळणार नाही आणि तुम्हालाही भाव पाडावा लागेल.

'रेरा पाहिलं' एवढ्याने का भागत नाही?

मोठ्या प्रकल्पात आपण रेराच्या संकेतस्थळावर नाव शोधतो. ती सवय चांगलीच आहे. पण २०१६ च्या या कायद्यानुसार भूखंड ५०० चौरस मीटरपेक्षा मोठा नसेल, किंवा सर्व टप्पे मिळून सदनिका आठपेक्षा जास्त नसतील, तर नोंदणी बंधनकारक नाही. छोटी इमारत नेमकी या चौकटीत बसते. नोंदणी नाही म्हणून इमारत बेकायदा ठरत नाही, हे खरे. पण मग संकेतस्थळावर वाचायला काही मिळत नाही आणि तपासणीचा भार तुमच्यावर येतो. मोठ्या प्रकल्पापेक्षा छोट्या इमारतीत जास्त कागद पाहावे लागतात, ते यामुळे.

तिसरा प्रश्न: जायचे कुठून?

आता सामाईक रस्त्याकडे वळू. दोन भूखंड शेजारी शेजारी आहेत. दोघांनी आपापल्या जागेतून २ मीटर सोडले आणि मध्ये ४ मीटरचा रस्ता तयार झाला. लांबी २५ मीटर धरली तर रस्ता १०० चौरस मीटरचा, त्यात प्रत्येकाचे ५० चौरस मीटर. दोघांचीही जागा वाचली आणि गाडी आत आली. व्यवस्था चांगली आहे. प्रश्न आहे तो ती कशावर उभी आहे याचा.

समजा, दहा वर्षांनी शेजारचा भूखंड विकला गेला आणि नव्या मालकाने मधोमध भिंत घातली. तुमच्याकडे २ मीटर उरले. लहान चारचाकीच साधारण पावणेदोन मीटर रुंद असते. ती आत शिरेल, पण दार उघडणार नाही. रात्री घरात कुणी आजारी पडले तर रुग्णवाहिका रस्त्यावरच थांबेल. आणि तुमच्या इमारतीचा नकाशा ४ मीटर प्रवेशमार्ग दाखवून मंजूर झाला असेल, तर त्या मंजुरीलाच धक्का बसतो.

इथे दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची गल्लत होते. नकाशाची मंजुरी सांगते की बांधकाम नियमांत आहे. जागा कुणाची आणि तिच्यावरून जाण्याचा हक्क कुणाचा, हे ती ठरवत नाही. उलट, जाण्यायेण्याचा हक्क पक्का असला तरी त्याने बांधकामाला मंजुरी मिळत नाही. दोन्ही कागद स्वतंत्र हवेत आणि एकमेकांशी जुळलेले हवेत.

'वर्षानुवर्षे वापर आहे, वहिवाट झाली' असेही सांगितले जाते. भारतीय सुविधाधिकार अधिनियम १८८२ प्रमाणे अखंड, उघड आणि हक्क म्हणून वीस वर्षे वापर असेल तर वहिवाटीचा हक्क मागता येतो. पण कालपरवा बांधलेल्या इमारतीला वीस वर्षे कुठून आणणार? शिवाय शेजाऱ्याच्या परवानगीने केलेला वापर हा हक्काचा वापर धरला जात नाही. आणि वहिवाट सिद्ध करायची ती न्यायालयात. म्हणजे वकील, तारखा आणि वर्षे.

त्यापेक्षा सोपी वाट नोंदणीकृत कराराची. दोन्ही भूखंडांच्या मालकांनी करार करून तो उपनिबंधक कार्यालयात नोंदवायचा. त्यात पुढील गोष्टी हव्यात:

१. रस्त्याची लांबी, रुंदी आणि चतुःसीमा, सोबत मोजणीचा नकाशा.

२. वापर कशासाठी: पायी, वाहनाने, तसेच जलवाहिनी, सांडपाणी आणि वीजवाहिनी नेण्यासाठी.

३. हा हक्क कायमचा आहे आणि दोन्ही बाजूंच्या वारसांवर व पुढच्या खरेदीदारांवर बंधनकारक आहे.

४. रस्त्यावर भिंत, फाटक, दुकान किंवा कायमची पार्किंग होणार नाही.

५. दुरुस्तीचा खर्च कोणी किती द्यायचा. दोन्हीकडे सहा-सहा सदनिका असतील आणि काँक्रीट करायला ९६,००० रुपये लागले, तर बारा घरांवर प्रत्येकी ८,००० रुपये. हे आधी लिहिलेले असले की नंतर तोंडे फिरत नाहीत.

शेजारचा भूखंड एखाद्या बँकेकडे तारण असेल, तर त्या बँकेचे संमतिपत्रही घ्या. नाहीतर कर्ज थकले आणि जागेचा लिलाव झाला, की नवा मालक करारावर बोट ठेवील. याच कराराचा उल्लेख तुमच्या खरेदीखतात, म्हणजे इथल्या भाषेत 'बैनाम्यात', आला पाहिजे. शेवटी करारातली रुंदी आणि मंजूर नकाशातली रुंदी एकच आहे ना, ते पाहा.

आणखी एक तपासणी कुणी सहसा करत नाही. शेजारच्या इमारतीचाही मंजूर नकाशा पाहायला मागा. कधी कधी तीच पट्टी दोन्ही नकाशांत 'आमची मोकळी जागा' म्हणून दाखवलेली असते. एका जागेचा हिशेब दोनदा लागला असेल, तर एक नकाशा नक्की खोटा आहे. तो तुमचा नसेल याची खात्री करून घ्या.

सामाईक म्हणजे तुमचेही

इमारतीच्या आतल्या सामाईक जागेबद्दलही थोडे. अपार्टमेंट अधिनियमाप्रमाणे जमीन, जिने, प्रवेशद्वार, अंगण आणि सामाईक वापराची पार्किंग यांत प्रत्येक सदनिकाधारकाचा अविभक्त हिस्सा असतो. बांधकाम करणाऱ्याने या सगळ्याचे घोषणापत्र सक्षम अधिकाऱ्याकडे दाखल करायचे असते. त्याची प्रत मागा. 'खालची मोकळी जागा मी माझ्यासाठी ठेवलीय' असे कुणी म्हणाले, तर ती जागा घोषणापत्रात काय म्हणून लिहिली आहे ते वाचा.

हे किती गंभीर असते, ते नोएडातल्या दोन मनोऱ्यांनी दाखवले. मूळ रहिवाशांना दाखवलेल्या आराखड्यात बदल करून, इमारतींमधले किमान अंतर न ठेवता आणि रहिवाशांची संमती न घेता ते उभे राहिले होते. त्यांना प्राधिकरणाची मंजुरीही मिळालेली होती. तरी सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०२१ रोजी ते पाडण्याचा आदेश दिला आणि २८ ऑगस्ट २०२२ रोजी ते पाडले गेले. तिथल्या खरेदीदारांना व्याजासह परताव्याचा आदेश झाला, कारण समोर मोठी कंपनी होती आणि रहिवासी संघटित होते. सहा सदनिकांच्या इमारतीत असे बळ नसते. तिथे आपली काळजी आपणच आधी घ्यायची.

बयाणा देण्याआधीची यादी

हे पान फाडून खिशात ठेवले तरी चालेल.

१. महायोजनेत भूखंडाचा वापर निवासी आहे का?

२. शेतजमीन असेल तर कलम ८० ची (जुन्या काळी १४३ ची) घोषणा आहे का? खतौनीत नाव कुणाचे? दाखिल-खारिज, म्हणजे आपला फेरफार, झाला आहे का?

३. मंजूर नकाशातले मजले आणि सदनिका जागेवर मोजल्यावर जुळतात का?

४. पूर्णता प्रमाणपत्र आहे का? शमन झाले असल्यास शमनाचा मंजूर नकाशा आणि पावती आहे का?

५. गंगेपासून आणि संरक्षित स्मारकापासून अंतर किती?

६. सामाईक रस्त्याचा नोंदणीकृत करार आहे का? त्यातली रुंदी नकाशाशी जुळते का?

७. आधीचे कुठले कर्ज किंवा बोजा आहे का?

विक्रेता टाळाटाळ करत असेल तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज प्राधिकरणाकडे करा. शुल्क १० रुपये आणि उत्तराची मुदत ३० दिवस. मंजुरीचा क्रमांक, तारीख, मजले, सदनिकांची संख्या, पूर्णता प्रमाणपत्र दिले आहे का, आणि या बांधकामावर काही नोटीस आहे का, एवढे विचारा. विक्रेता म्हणेल, 'तीस दिवस कोण थांबतो, दुसरं गिऱ्हाईक तयार आहे.' तर ते दुसऱ्या गिऱ्हाइकाचे नशीब.

बयाणा द्यायचाच झाला तर लहान रकमेचा, धनादेशाने किंवा खात्यातून खात्यात द्या. पावतीवर 'कर्ज नामंजूर झाल्यास किंवा कागदपत्रांत दोष आढळल्यास संपूर्ण रक्कम अमुक दिवसांत परत' असे लिहून सही घ्या. आणि शक्य असेल तर बयाण्याच्या आधीच कागदांच्या प्रती घेऊन शाखेत या. काय कमी आहे, ते आम्ही सांगू शकतो.

पैशांचा हिशेब करताना एक लक्षात ठेवा. ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत आणि ३० ते ७५ लाखांच्या कर्जात ८० टक्क्यांपर्यंत रक्कम देता येते. ही वरची मर्यादा आहे, हक्क नव्हे. तुमचे उत्पन्न आणि वय पाहूनच रक्कम ठरते. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च साधारणपणे तुमच्या खिशातून जातो. म्हणून सगळी बचत सदनिकेच्या किमतीत लावू नका. सहा महिन्यांचा घरखर्च आणि औषधपाण्याची रक्कम वेगळ्या ठेवीत राहू द्या.

काकांनी अजून घर घेतलेले नाही. पैसे मुदत ठेवीत आणि ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले आहेत, त्यावर व्याज मिळते आहे. मागच्या महिन्यात ते आणखी एका इमारतीचे कागद घेऊन आले होते. खुर्चीवर बसायच्या आधीच म्हणाले, "ताई, नकाशा सहा सदनिकांचाच आहे, मी मोजून आलोय. रस्त्याचा करार तेवढा तुम्ही वाचा."

त्या कराराची नोंदणी झालेली नव्हती. काकांनी विक्रेत्याला तसे कळवले आहे आणि बयाणा अजून दिलेला नाही.